क्लचचं काम निघालंय

रविवार उजाडला तो कटकट घेऊनच. अर्धा चहा तसाच ठेवून फिल्टरवाला दारासमोरच्या मोटरसायकलपाशी जाऊन बसला. बसला तोच उठला, पाना आणायला आत गेला आणि पाना हातात धरूनच ‘पाना कुठे ठेवलास’ म्हणून बायकोवर खेकसला. पायाला नुसती भिंगरी लागली होती. बायको शिवणाच्या मशीनवर कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. तिने मान वर न करता त्याच्या हाताकडे बोट दाखवलं.

घरोघरी जाऊन पिण्याच्या पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. म्हणजे धंदा मालकाचा, लाइन याची. लाइन म्हणजे त्याच्या वाटणीच्या इमारती. कुठल्या घरात नळ ओट्याच्या मागे दडलाय, कुठली आजी बेल वाजवली की रागावते आणि कडी वाजवली की हसते, हे सगळं त्याला पाठ. मग एका जिन्यावरून फिल्टरसकट घसरला आणि डावं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला आणि लाइन गेली मालकाच्याच दुसऱ्या माणसाकडे, लंबूकडे, तात्पुरती. आता प्लास्टर निघालं होतं आणि मालकाने स्वच्छ सांगितलं होतं, “सोमवारी गाडीवर आलास तर लाइन तुझी. नाही आलास तर लंबूला कायमची देतो. गिऱ्हाइकांना किती दिवस ताटकळत ठेवू?”

गाडीवर जायचं म्हणजे डाव्या हाताने क्लच दाबायचा. आणि क्लच दाबला जात नव्हता.

आता यात दोष कुणाचा? त्याच्या मते वायरचा. हात एकदम ठणठणीत, असं त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याच्यापुढे डॉक्टरचीही डाळ शिजली नसती. मालकाचा फोन आला की ‘येतोच आहे, फक्त क्लचचं काम निघालंय’ हे उत्तर ठरलेलं.

“मेकॅनिककडे टाका ना,” बायको आतून म्हणाली.

“त्याला काय कळतंय?”

मेकॅनिकला काय कळेल, याचीच खरं तर त्याला धास्ती होती. तो लिव्हर एकदा दाबून बघेल आणि मग याच्या तोंडाकडे बघेल.

त्याने जुनी वायर काढली, नवी घातली. तिच्यात तेलाचे थेंब सोडले, वर-खाली ओढून पाहिली. सुळसुळ फिरत होती बिचारी. दोन्ही टोकं अडकवली आणि लिव्हर दाबला. सुरुवातीचा मोकळा भाग गेला, पुढे ताण आला आणि बोटं तिथेच थबकली. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली. त्याने वायरला शिवी हासडली, उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, उजव्या हाताने डोकं खाजवलं आणि परत बसला.

मग त्याला युक्ती सुचली. लिव्हरचा सुरुवातीचा मोकळा भाग हलका जातो ना? मग तोच वाढवायचा. त्याने लिव्हरपाशी वायरचा ताण ठरवणारा स्क्रू असतो, त्याचा चेकनट सैल केला आणि स्क्रू आत फिरवला. दाबून पाहिलं, थोडं बरं वाटलं. आणखी फिरवला, मग आणखी. शेवटी लिव्हर अलगद मुठीला येऊन टेकला. बोटांनी ओढला जाईल तेवढा सगळा प्रवास आता नुसता ढिलाईचा होता, आतल्या क्लचला त्याची खबरही लागत नव्हती. हे ज्याला कळत नाही त्याने असं केलं असतं तर गोष्ट वेगळी. याला व्यवस्थित कळत होतं, आणि तरीही तो खूश झाला.

“झालं बघ! लोण्यासारखा चालतोय. फाटक उघड, एक चक्कर मारून येतो.”

बायको कात्री ठेवून बाहेर आली. फाटकाची कडी नेहमीसारखी अडकली होती, ती वाकून ओढू लागली. त्याने किक मारली, लिव्हर पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकला. गाडीने खाडकन उडी घेतली. त्याने दोन्ही ब्रेक दाबले, इंजिन बंद पडलं, पण तोवर पुढचं चाक तिच्या नडगीवर जाऊन आदळलं होतं. ती फाटकाला धरून हळूच खाली बसली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी कशीबशी स्टँडला लावून तो तिच्यापाशी धावला. सालटं निघालं होतं, रक्त येत होतं, हाड शाबूत होतं. तो नुसताच ‘फार लागलं का, फार लागलं का’ म्हणत राहिला.

“सकाळी गाडी पुसताना मी क्लच दाबून पाहिला होता,” ती पाय धरून म्हणाली. “दोन बोटांनी दाबला. काही झालं नव्हतं त्याला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले.”

त्याने आतून हळदीचा डबा आणि फडकं आणलं, उजव्या हाताने जमेल तसं तिच्या पायाला बांधलं. गाठ तिनेच मारली. एवढ्यात खिशातला फोन वाजला. मालक.

“काय रे, झाला का क्लच?”

त्याने बायकोकडे पाहिलं.

“क्लच चांगला आहे, शेठ. पहिल्यापासून चांगलाच होता. माझा हात चालत नाही.”

मालकाने सरळच विचारलं.

“मग लाइन लंबूला देऊ?”

“द्या,” तो म्हणाला. “तिसऱ्या इमारतीतल्या आजींची कडी वाजवायला सांगा त्याला. बेल नको.”

फोन ठेवल्यावर तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला. रडू येत होतं आणि त्याने ते थोपवलं नाही. जरा वेळाने त्याने डावा हात तिच्यापुढे धरला आणि मूठ मिटायला घेतली. अंगठा आणि पहिलं बोट आत गेलं. बाकीची तीन अर्ध्यावर थरथरत थांबली.

“एवढंच होतं बघ,” तो म्हणाला.