मधली फळी

कस्तुरीने भिंतीतला प्लग खेचून काढला. निशिमुरा-सानांच्या हातातलं घासण्याचं मशीन घरघरत थांबलं आणि लाकडाची पूड दोघांच्याही बुटांवर बसत गेली.

"ही फळी घासायची नाही," ती म्हणाली.

वर्कशॉपचे मालक असलेल्या, साठी उलटलेल्या निशिमुरा-सानांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी मशीन अलगद खाली ठेवलं. "कस्तुरी-सान, सार्वजनिक जागा आहे."

गेला आठवडाभर ती हेच उत्तर ऐकत होती. मुलं कमी झाली म्हणून बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेचं सामान मोडीत निघालं होतं. वॉर्डाच्या नव्या सभागृहाबाहेरच्या दालनासाठी त्यातूनच दिवे आणि बाकं करायचं काम ओजिमातल्या या वर्कशॉपला मिळालं होतं. विज्ञानाच्या वर्गातल्या काचेच्या चंबूंचे दिवे कस्तुरीने योजले. मुलांच्या डेस्कांच्या फळ्या जोडून केलेलं लांबलचक बाकही तिचंच. इंटिरियरचं शिक्षण घेऊन पुण्यात धरलेली नोकरी सोडून ती नवऱ्याच्या, हरीशच्या मागे जपानमध्ये फुनाबोरीला आली, त्यानंतर स्वतःच्या डोक्यातून निघालेलं हे पहिलं काम. नावाला मात्र 'आरुबाइतो', म्हणजे तासांवरची मदतनीसच.

त्या फळ्यांवर मुलांनी कंपासच्या टोकाने नावं, चेहरे, रेघोट्या कोरल्या होत्या. तेच घासून काढायचं, तर जुनं लाकूड हवं कशाला? बाकाच्या मधोमध, दिव्याखाली येणारी फळी तिने मुद्दाम निवडली होती. तिच्यावर एकच शब्द खोल, पुन्हा पुन्हा कोरलेला होता. तिला जपानीतली कांजी अक्षरं जेमतेम येत. कुणी तरी आपलंच नाव गिरवत बसलं असणार, असं तिने धरून टाकलं होतं.

घरी आल्यावरही तिचा राग उतरला नाही. या लोकांना साधा ओरखडा म्हणून सोसत नाही, सगळं कसं गुळगुळीत पाहिजे, असं ती हरीशला सुनावत राहिली. त्याने नेहमीप्रमाणे, त्यांची पद्धत आहे, कशाला इश्यू करतेस, म्हणून लॅपटॉप उघडला. तिने कुकरचं झाकण ओट्यावर आपटलं. चौथीतली लेक केतकी मान खाली घालून वरणभात चिवडत होती.

सोमवारी वॉर्ड ऑफिसचा माणूस बाक बघायला येणार होता. त्याला एकेका मुलाचं नाव वाचून दाखवायचं, मग बघू कसा नाही म्हणतो, असं कस्तुरीने ठरवलं. म्हणून शनिवारी ती केतकीला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. केतकीची कांजी तिच्यापेक्षा कितीतरी चांगली होती.

केतकी बोट फिरवत वाचू लागली. हे यामादा. हे मिहो. ही बहुतेक मांजर आहे. मधल्या फळीशी येऊन ती थांबली.

"हे कुणाचं नाव?" कस्तुरीने विचारलं.

केतकी जपानीत काहीतरी पुटपुटली. मग आईसाठी मराठीत म्हणाली, "नाव नाहीये. 'मर' असं लिहिलंय. सगळीकडे तेच."

कस्तुरीचा हात फळीवरच राहिला.

"माझ्या डेस्कवर पण असतं," केतकी म्हणाली. "पण ते पेन्सिलने. मी रोज पुसते."

"कोण लिहितं?"

केतकीने खांदे उडवले. कधीपासून, हे विचारल्यावर ती बोटाने कोरलेल्या रेघा गिरवू लागली.

निशिमुरा-सान चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण केतकीचं बोट कुठे होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

"तुम्ही पहिल्या दिवशीच वाचलं होतं," कस्तुरी जपानीत म्हणाली.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी ट्रे खाली ठेवला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं. घासलं की जातं, असं वाटलं."

तिला ओरडायचं होतं, पण समोरचा चेहरा खरोखरच ओशाळला होता. त्यामुळे तिचा राग आणखी पेटला. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, एकेक स्क्रू काढून मधली फळी सुटी केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. घासू दिली नाही, परत बसवलीही नाही. बाकाला मधोमध भगदाड पडलं. सोमवारी ते तसंच दाखवा, असं तिने निशिमुरा-सानांना सांगितलं. आपण येणार नाही, हेही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती केतकीला घेऊन तिच्या रिकाम्या वर्गात उभी होती. आज काही पुसू नकोस, असं तिने केतकीला सकाळीच बजावलं होतं. खिडकीकडच्या डेस्कवर तो शब्द होता. आता तो तिला लांबूनही वाचता आला.

वर्गशिक्षिका तरुण होत्या, भल्या होत्या. डेस्क बघताच त्यांनी तोंडावर हात धरला, कमरेत वाकून पुन्हा पुन्हा माफी मागितली. लगेच स्वच्छ करते म्हणत त्या धावल्या आणि ओलं फडकं पिळत परत आल्या.

कस्तुरीने डेस्कच्या कडेला हात आडवा धरला.

"पुसू नका," ती म्हणाली. तिचं जपानी अडखळत होतं, आवाज नाही. "आधी वाचा."

शिक्षिकेने दाराकडे पाहिलं, मग केतकीकडे. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत वाचला.

"मोठ्याने," कस्तुरी म्हणाली.