नॉकलेराचा शेवटचा लॉर्ड

आल्डवेलांना लॉर्ड ही पदवी कशी मिळाली, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. डब्लिनला आपली स्वतःची पार्लमेंट होती. ती मोडून सगळा कारभार लंडनला न्यायचं ठरलं, तेव्हा ‘हो’ म्हणणारी माणसं हवी होती. जास्पर आल्डवेल ‘हो’ म्हणाला. त्या एका शब्दाबद्दल तो नॉकलेराचा पहिला लॉर्ड झाला. आणि जमीन? ती त्याच्या पणजोबाने इंग्रज क्रॉमवेलच्या फौजेबरोबर येऊन लोकांना हुसकून घेतलेली. हुसकलेल्यांत आम्ही हेशनही होतो.

तर असं हे थोर घराणं. आणि या घराण्याने माझ्या बहिणीला तोंड वर करून सांगितलं, की तुझं लग्न झालंच नव्हतं.

माझी बहीण साबिना. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचे वडील सरोवराकाठी होड्या बांधायचे. जास्परचा नातू अँब्रोज, तिसरा लॉर्ड, ट्राउट मासे पकडायला आमचीच होडी घ्यायचा. वल्हवायला वडील असायचे, पण त्यांची पाठ धरली की साबिना जायची. तिसऱ्यांदा ती गेली, तेव्हा वडिलांची पाठ चांगली ठणठणीत होती. मी आईला तसं म्हटलं, तर आईने माझ्याच पाठीत धपाटा घातला.

अँब्रोज वाईट नव्हता. ते मी आजही म्हणते. दुष्काळात कुळांचा खंड थकला, तरी त्याने आमच्या गावातलं एकही घर पाडलं नाही. आणि साबिनाला त्याने फसवून नेलं नाही; आमच्या चॅपलमध्ये, फादर लव्हेलसमोर, भर दुपारी लग्न केलं. आठवडाभर आधी त्याने आमचा कॅथलिक धर्म घेतला होता. मी करवली होते. तो अंगठी घालत होता नि साबिना हसत होती.

पण तेव्हा कायदा असा होता: लग्नाआधी वर्षभराच्या आत जो प्रोटेस्टंट होता, त्याचं लग्न आमच्या पाद्रीने लावलं तर ते लग्नच नव्हे. देवाला चालत होतं, कायद्याला नाही. फादर लव्हेलनी त्याला बजावलं होतं, “वर्षभर थांबा, नाहीतर तुमच्या चर्चमध्ये दुसऱ्यांदा लावून घ्या.” साबिनाला दिवस गेले तशी तीही मागे लागली.

“अहो, मूल व्हायच्या आत एकदा जाऊन येऊ या ना.”

“वसंतात जाऊ.”

“वसंतात मूल मांडीवर असेल!”

“अगं, मी लॉर्ड आहे,” तो हसून म्हणाला. “माझ्या लग्नाला हात लावायची कुणाची छाती आहे?”

खरं कारण वेगळंच होतं. लंडनला त्याची आई होती, आणि त्यांच्या चर्चमध्ये लग्न लागलं असतं तर तिच्या कानावर गेलं असतं. तो आईला भीत होता. मोठा लॉर्ड! वसंत आला, रेडमंड जन्मला, आणि ते राहूनच गेलं.

रेडमंड आठ वर्षांचा असताना अँब्रोज घोड्यावरून पडला आणि मानेचा मणका मोडून तिथेच गेला. साबिनाचं रडणं थांबलं नव्हतं, तोच त्याचा धाकटा भाऊ कॅप्टन यूस्टस दोन वकील घेऊन आला. मी तिच्याजवळच बसले होते. त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

“मिस हेशन,” तो म्हणाला.

इतकी वर्षं त्या घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणत होते. खुद्द हा यूस्टस नाताळात तिच्या हातचा हंस खाऊन बोटं चाटून गेला होता. साबिनाने मागे वळून पाहिलं, जणू दुसरंच कुणी दारात उभं असावं.

“मिस हेशन, आपण इथे घर सांभाळायला होता, असं लिहून द्या. सरोवरापलीकडचं घर तुम्हाला जन्मभर राहील. मुलाच्या शिक्षणाचंही बघू.”

“मुलाचं नाव काय लावायचं?” साबिनाने विचारलं.

“हेशन. दुसरं काय?”

“मग त्याच्या बापाचं नाव हेशन होतं का?”

दोन्ही वकील खाली बघायला लागले. यूस्टसने मात्र नजर खाली केली नाही. साबिनाने सही केली नाही. खटला झाला. न्यायाधीश म्हणाले, या बाईंबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण कायदा स्पष्ट आहे. सहानुभूती! ती काय पावाला लावून खायची? रेडमंड अनौरस ठरला, यूस्टस चौथा लॉर्ड झाला, आणि साबिना लेकराचा हात धरून आमच्या वडिलांच्या दारात आली.

तिने हेही सोसलं असतं. मी तिला ओळखत होते. पण वर्षाने यूस्टसने त्यांच्या चर्चमध्ये भावाच्या थडग्यावर संगमरवरी दगड बसवला, आणि त्यावर कोरून घेतलं: ‘अँब्रोज, नॉकलेराचा तिसरा लॉर्ड, अविवाहित वारला.’

कुणालाही न सांगता तिने वडिलांची छिन्नी आणि हातोडा उचलला. रविवारी सकाळी त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ती मधल्या वाटेने सरळ आत गेली. मी मागून धावत गेले, पण दारातच थबकले. आम्हाला आत जाणं पाप होतं. तिने गुडघे टेकले. सगळ्यांना वाटलं, बिचारी प्रार्थना करतेय. मग पहिला घाव पडला. त्यांचा पाद्री बोलायचा थांबला. कुणी जागचं हललं नाही. ‘अविवाहित’मधलं शेवटचं अक्षर उडाल्यावर तिने शालीच्या टोकाने दगडाची भुकटी पुसली, आणि उठून बाहेर आली.

“चल विनी,” मला म्हणाली, “हात भरून आलाय.”

दगड फोडल्याचा खटला पुढे आला तेव्हा मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत कोण? स्वतः यूस्टस! चोराच्या हातीच जामदारखान्याच्या किल्ल्या.

“नाव?” कारकुनाने विचारलं.

“साबिना आल्डवेल.”

“तुझं नाव साबिना हेशन आहे,” यूस्टस म्हणाला.

“मग दुसऱ्या कुणाला तरी धरून आणा. दगड मी फोडलाय, आणि मी आल्डवेल आहे.”

मागून आमचा म्हातारा लोहार ओरडला, “बरोबर बोलतायत बाईसाहेब!” त्याला बाहेर काढलं. साबिनाला गॉलवेच्या तुरुंगात टाकलं, हेशन म्हणून. महिनाभर तिथे त्या नावाला तिने एकदाही ओ दिली नाही, म्हणून दोनदा जेवण बंद केलं.

त्यानंतर वर्षं गेली. रेडमंड आजोबांच्या हाताखाली शिकून त्यांच्याहून चांगल्या होड्या बांधू लागला. लग्न झालं, मुलं झाली. तिकडे यूस्टसची दोन्ही मुलं पाळण्यातच गेली, बायको गेली, आणि दूरचा म्हणावा असा एक पुरुषही वंशात उरला नाही. तेव्हा एका दुपारी म्हातारा यूस्टस काठी टेकत रेडमंडच्या होडीखान्यात आला. साबिना तिथे डांबर ढवळत होती. मी बटाटे सोलत होते.

“घर आणि जमीन मी तुझ्या नावे करतो,” तो रेडमंडला म्हणाला. “फक्त आल्डवेल हे नाव कायद्याने घे. आमचं नाव तरी राहील.”

रेडमंडने रंधा खाली ठेवला नि आईकडे पाहिलं.

“नाव घ्यायचं कशाला?” साबिना म्हणाली. “ते त्याचंच आहे. तुम्ही एवढंच करा, कॅप्टन. कोर्टात जाऊन सांगा, की माझं लग्न झालं होतं. तुम्हाला ठाऊक होतं.”

ती त्याला कॅप्टनच म्हणायची. लॉर्ड कधीच म्हटलं नाही.

यूस्टसचा चेहरा पांढराफटक पडला. “तसं म्हटलं, तर मी... मग मी इतकी वर्षं कोण होतो?”

“ते तुम्ही बघा.”

त्याने काठीवर भार दिला. मला वाटलं, आता बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण एका शब्दाने मिळालेली ती पदवी. एक शब्द खर्चून ती सोडायला त्याची जीभ वळेना. शेवटी तो रेडमंडला म्हणाला, “तू तरी शहाणपणाने विचार कर.”

“मामला आईचा आहे,” रेडमंड म्हणाला. “आणि सरकार, तुम्ही माझ्या फळीवर उभे आहात.”

यूस्टस या हिवाळ्यात गेला. जमीन कुठल्याशा धर्मादाय सोसायटीला गेली, घराला कुलूप लागलं. गावातले लोक साबिनाला म्हणतात, देवाने न्याय केला बघ. तिला ते ऐकवत नाही. “न्याय?” ती म्हणते, “माझा मुलगा आठ वर्षांचा असताना कुठे गेला होता देव? म्हातारा अंथरुणात मेला, याला न्याय म्हणतात?”

मलाही नाही पटत. परवा पाद्रीबाबांनी पेपर वाचून दाखवला: पुरुष वारस नसल्याने नॉकलेराचं प्राचीन घराणं लयाला गेलं. प्राचीन! वारस नसल्याने! मी तो पेपर त्यांच्या हातून ओढून घेतला नि चुलीत घातला. बाहेर रेडमंडचे तिघे मुलगे नवी होडी पाण्यात ढकलत होते, आणि सगळ्यात धाकटा, अँब्रोज, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून भावांना शिव्या घालत होता.