गळालेला 'अंडर'

दुभाषीने पाण्याचा पेला उचलला आणि रोलरवालीच्या डाव्या हाताला येईल असा टेबलाच्या त्या कडेला नेऊन ठेवला. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला होता. तान्हं मूल घेऊन बसावं तशी ती तो हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पेल्याकडे पाहिलं, पण उचलला नाही.

"घ्या थोडं. अजून बराच वेळ चालेल हे."

"नको, ताई. इथं घोटभर पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही."

समोर बसलेल्या साहेबांनी मान वर केली. दुभाषीने पाण्याचं आणि घशाचं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पलीकडे न्यायचं, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही, एवढा एकच नियम ती पाळत आली होती. तिचे सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "लोक दुसऱ्याच्या तोंडचा घास काढतात, आमची सून शब्द काढते."

खोली धुलाईच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. खाली यंत्रं चालू असल्यामुळे फरशी हलकीशी थरथरत होती, आणि साबणाचा नि तापलेल्या कापडाचा वास जिन्यातून वर येत होता. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी इथं मळलेल्या यायच्या आणि कडक घड्या होऊन जायच्या. मध्ये एक माणसाएवढा लांब, धगधगीत रोलर होता. चादर त्याच्या तोंडात सरकवायची ती रोलरवाली. तिची बोटं फार पुढे गेली तर ती एका लाल पट्टीला लागावीत आणि यंत्र जागच्या जागी थांबावं, अशी सोय होती. तिचा हात रोलरात गेला त्या दिवशी ती पट्टी कुणीतरी फडक्यानं वर बांधून टाकली होती. कुणी, हे विचारायला साहेब मोठ्या कचेरीतून इतक्या लांब आले होते. साहेबांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं.

रोलरवालीचं सांगून झालं होतं. आली तेव्हा पट्टी बांधलेलीच होती. कुणी बांधली ते पाहिलं नाही. एवढंच ती बोलली होती, आणि ते बोलतानाही तिची नजर दाराकडे होती.

दाराशी सुपरवायझर उभा होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. कारखान्यात त्याला सगळे 'यसनो' म्हणत, कारण इंग्रजीत काहीही बोलला की शेवटी तो "यस, नो?" असं विचारायचा. मग समोरच्यानं हो म्हणायचं की नाही, हे ब्रह्मदेवालाही कळत नसे.

"मॅडम, मला दुभाषी नको," खुर्चीशी येतायेताच तो म्हणाला. "माझं मी बोलतो. मला येतं इंग्रजी."

दुभाषीला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सकाळी ती वर येत होती तेव्हा तो जिन्याच्या वळणावर भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि तोंडी परीक्षेआधी पोरं करतात तसं पुटपुटत होता, "द मशीन वॉज अंडर माय ओव्हरसाइट. शी हॅज टाइड द बार हरसेल्फ." यंत्र माझ्या देखरेखीखाली होतं. पट्टी तिनं स्वतःच बांधली. दुभाषीची चाहूल लागताच तो खोकला होता आणि खाली निघून गेला होता.

साहेबांनी आधी सोपं विचारलं. "डिड द अलार्म गो ऑफ?"

"नो, सर!" यसनो ठामपणे म्हणाला. "नेव्हर ऑफ. ऑलवेज ऑन. यस, नो?"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लिहायला सुरुवात केली तशी दुभाषीनं हात वर केला आणि परवानगी घेऊन ती यसनोकडे वळली.

"घंटा वाजली का, असं विचारतायत ते."

"वाजली ना! त्या आवाजानंच तर सगळे धावले."

"मग 'यस' म्हणा."

"अहो, पण ते 'ऑफ' म्हणाले. ऑफ म्हणजे बंद."

"दिवा ऑफ म्हणजे बंद. घंटा ऑफ म्हणजे वाजली."

यसनो तिच्याकडे बघतच राहिला. "आणि घंटा बंद झाली तर?"

"तरी ऑफच."

रोलरवाली हसली. हात भाजल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण हसतानाच कळ आल्यासारखी थांबली. "दादा, आपलं बरं आहे," ती म्हणाली, "वाजली म्हणजे वाजली." यसनोही ओशाळून हसला. दुभाषीनं सगळा घोळ साहेबांना सांगितला. साहेबही हसले, लिहिलेलं खोडलं, आणि म्हणाले की आमची भाषा आहेच तशी. 'टेबल करू या' म्हटलं तर आमच्याकडे विषय चर्चेला घेतात आणि समुद्रापलीकडे तोच विषय बाजूला ठेवतात. क्षणभर त्या खोलीत चार माणसं नुसती गप्पा मारत बसल्यासारखी दिसली.

मग साहेबांनी पान उलटलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, त्या दिवशी त्या पट्टीची जबाबदारी कुणाची होती?

यसनो उठून उभा राहिला. त्याची नजर साहेबांवरून सुटून रोलरवालीच्या मांडीवरच्या त्या पांढऱ्या हातावर गेली आणि तिथंच अडकली.

"सर," तो म्हणाला. "द मशीन... द बार... इट वॉज माय ओव्हरसाइट."

पुढचं वाक्य आलं नाही. ओठ हलले आणि तोंड मिटलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी यसनोचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या वर्षांत, इतक्या कारखान्यांत, इतक्या सरळपणे कुणी आपली चूक पदरात घेतलेली मी पाहिली नाही, असं काहीसं ते म्हणाले. यसनोचा चेहरा उजळला. "वेलकम, सर," तो म्हणाला.

दुभाषीला सकाळचं पुटपुटणं आठवलं.

जिन्यात 'अंडर' होता. इथं तो गळाला होता. 'अंडर माय ओव्हरसाइट' म्हणजे माझ्या देखरेखीखाली. 'माय ओव्हरसाइट' म्हणजे माझी नजरचूक. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं आणि डोळेझाक करणं, दोन्हीला तोच एक शब्द. हात वर करून "साहेब, यांना तसं म्हणायचं नव्हतं" एवढंच म्हणायचं होतं. घंटेच्या वेळी तिनं ते पापणी लवायच्या आत केलं होतं. आता हात टेबलावरून उचलेना. उचलला असता तर यसनोचं म्हणणं नीट झालं असतं, आणि त्यापाठोपाठ, पट्टी तिनंच बांधली, हे दुसरं वाक्यही आलं असतं.

"ताई," रोलरवालीनं हळूच विचारलं, "काय म्हणाले दादा?"

मराठीत दोन शब्द होते. एकच घ्यावा लागणार होता.

"सांगते," दुभाषी म्हणाली. "आधी चहा होऊ दे."

साहेबांनीही तेवढ्यात घड्याळ पाहून मधली सुट्टी जाहीर केली.

यसनो जिन्याच्या वळणावर चहाचा कप घेऊन उभा होता. तिला पाहताच पुढे आला. "कसं झालं, मॅडम? साहेब खूश दिसले."

"तुम्ही काय म्हणालात ते कळलंय का तुम्हाला?"

"माझी देखरेख होती म्हटलं."

"माझी चूक होती, असं म्हणालात. 'अंडर' राहिला."

तो आधी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसू मावळलं. तिनं त्याला समजावून सांगितलं, एकदा, मग दुसऱ्यांदा. तो कपातल्या चहाकडे बघत ऐकत होता.

"एवढ्याशा शब्दानं?"

"एवढ्याशा शब्दानं."

"मग सांगा ना त्यांना! घंटेचं सांगितलंत तसं."

"तेच विचारायला आले. तुम्ही म्हणाल तर आत्ता जाऊन सांगते. माझं कामच आहे ते."

पण ती हलली नाही, आणि त्यानंही घाई केली नाही. खालून एक गाडी मागे घेतल्याचा आवाज आला. कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" असं ओरडत होतं.

"सांगितलं तर पुढं काय होईल?" त्यानं विचारलं.

"ते म्हणतील, मग पट्टी कुणी बांधली? आणि तुम्ही इथं जे पाठ करत होतात ते तुम्हाला आत म्हणावं लागेल. तिच्यासमोर."

"ऐकलंत होय तुम्ही."

"ऐकलं."

यसनोनं कप कठड्यावर ठेवला. "मॅनेजरनं शिकवलंय ते. म्हणाले, तिला काहीबाही मिळेलच, तू कशाला फासात मान देतोस? माझ्या घरी दोन मुली आहेत, मॅडम. मोठीचं शिक्षण अजून अर्ध्यावर." तो थांबला. "चादरीला जाड शिवण असली की पट्टीला लागायची. लागली की मशीन थांबायचं. दर थोड्या वेळानं तेच. खाली गाड्या खोळंबलेल्या, वर मॅनेजरचे फोन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिचा नवरा माझा दोस्त. तो गेला तेव्हा मीच तिला इथं चिकटवली. दादा म्हणते मला. मराठीत जमलंच नसतं मला ते तिच्या तोंडावर. म्हणून म्हटलं, इंग्रजीत बोलून टाकू. तिला कळणार नाही, मलाही निम्मंच कळेल."

दुभाषीला स्वतःचाच राग येत होता. आपण या माणसाला वाचवायला आलो की बुडवायला, हे तिला ठरवता येत नव्हतं. आत जाऊन गप्प बसली असती तर रोलरवालीचं भलं झालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मग इथं येऊन विचारायचं काय अडलं होतं?

यसनो आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होता.

"साहेबांनी हात धरला ना माझा," तो म्हणाला, "मला वाटलं, माझं इंग्रजी आवडलं त्यांना."

वरून साहेबांनी हाक मारली. त्यानं सांगा असं म्हटलं नाही, सांगू नका असंही म्हटलं नाही. तो तिच्यापुढे दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

खोलीत रोलरवाली मघाच्याच जागी होती. पेला रिकामा झालेला दिसला. साहेबांनी कागद सारखे केले आणि विचारलं, संपवण्याआधी कुणाला काही दुरुस्त करायचंय का? दुभाषीनं ते मराठीत सांगितलं. तिनं यसनोकडे पाहिलं.

तो उभा राहिला. साहेबांकडे तोंड करून उभा राहिला होता, पण मग हळूहळू रोलरवालीकडे वळला, थेट साहेबांकडे पाठ होईपर्यंत.

"मॅडम, आता तुम्ही सांगा त्यांना. मी मराठीत बोलतो."

रोलरवालीनं मान वर केली.

"पट्टी मी बांधली होती," तो तिला म्हणाला. "तू यायच्या आधी. तू विचारलंस तेव्हा मी रात्रपाळीवर ढकललं. म्हटलं, त्यांनी बांधली असेल, असू दे. तू म्हणालीस, दादा, भीती वाटते. मी म्हटलं, मी आहे ना." त्याचा आवाज फाटला. "आणि आज इथं मी असं सांगायला आलो होतो, की ती तूच बांधलीस."

खाली रोलर फिरत होता. फरशी थरथरत होती.

दुभाषी बोलू लागली. दुभाष्याला 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं, 'मी' असंच म्हणायचं असतं. म्हणून तीही 'आय' म्हणाली. मी बांधली. मी रात्रपाळीवर ढकललं. मी आहे ना. प्रत्येक 'आय'ला तिला मध्ये दम घ्यावा लागत होता. एकही शब्द तिनं गाळला नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मघाचं पान काढलं, त्यावर खाली दोन-चार ओळी लिहिल्या, आणि पेनाला टोपण लावता लावता यसनोच्या पाठीकडे पाहून सहानुभूतीनं काहीतरी म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

"साहेब काय म्हणाले?" रोलरवालीनं विचारलं.

दुभाषीनं जसंच्या तसं सांगितलं, "म्हणाले, मुख्य गोष्ट त्यांनी मघाशीच सांगितली होती."

रोलरवाली यसनोकडे बघत राहिली. डाव्या हातानं तिनं मांडीवरचा हात थोडा स्वतःकडे ओढून घेतला.

"मला नव्हती सांगितली," ती म्हणाली.