घाटनाक्यावरचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दांडा आहे. तुम्ही मला साकव म्हणता, कारण ओढ्यावर मी आडवा पडलो आहे आणि तुम्ही माझ्यावरून उड्या मारत शाळेला जाता. पण मला घडवले होते ते माणसे पलीकडे न्यायला नव्हे, अडवायला.

जांबोटीच्या रानात मी किंजळीचा सरळसोट वृक्ष होतो. प्लेगच्या साली मला तोडले, तासले, चुना फासला आणि गोव्याकडे उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी नव्या नाक्यावर बसवले. बुडख्याला धोंडा, शेंड्याला दोर. दोर ओढला की मी आडवा, सोडला की वर.

पलीकडे पोर्तुगिजांचा मुलूख होता. आमच्या गावचे गडी तिकडे पोफळीच्या बागांत कामाला जात. जाताना नाक्यावर पास मिळे. परतताना तो दाखवायचा, अंगात ताप नाही एवढे बघायचे, की घरची वाट मोकळी. दोर सांभाळणारा शिपाई यल्लाप्पा बेळगावच्या खासबागचा. तपासणीला आलेले साहेब माझ्यावर छडी आपटून, “मजबूत आहे,” म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

गड्यांमध्ये एक मष्णू होता. त्याच्या उजव्या पायातली वहाण करकरायची, त्यामुळे तो वळणावर असतानाच मला कळायचे. जाता-येता माझ्यावर थाप मारून तो म्हणायचा, “येतो रं गड्या!” दांड्याशी कोण बोलतो? तो बोलायचा. मला तो फार आवडायचा.

भाद्रपद आला. चवथीला सगळे गडी घरी येतात, मष्णूही येणार होता. तेवढ्यात गाडीवान भावकूने बाजारातून आवई आणली, “जुनं पास बाद झाल्यात. तिकडनं येणाऱ्याला धरून छावणीत कोंडत्यात.” प्लेगच्या छावणीत गेलेली बरीच माणसे परतली नव्हती. भावकूची गाडी घाट उतरायच्या आत ती आवई पलीकडच्या बागांत पोहोचली.

मष्णूची बायको रुक्माबाई भिजत नाक्यावर आली.

“अण्णा, नवा हुकूम आलाय म्हणं. खरं हाय व्हय?”

यल्लाप्पाने डोके खाजवले. “मला ठावं न्हाय आक्का. उगंच व्हय म्हणू कसं, आन् न्हाय तरी कसं म्हणू? लोंढ्याच्या कचेरीत जाऊन इचारतो.”

तो चिखल तुडवत लोंढ्याला गेला. परतला तेव्हा लांबूनच ओरडला, “आक्का, काय बी बदललं न्हाय! जुना पास चालतोय. येऊ दे तुझ्या मालकाला बिनघोर!”

रुक्माबाईच्या चेहऱ्यावर हसू फुटले. “आता हितंच बसते,” ती म्हणाली. “आल्या आल्या त्यास्नी सांगते.” घरी गुरे राखायला कोणी नव्हते, म्हणून ती घरी जाऊन गाय सोबत घेऊन आली आणि माझ्या बुडख्याशी बसली.

आमच्या नाक्याची एक रीत होती. जवळ ढोर चरत असेल तर मला आडवे करायचे. आदल्या आठवड्यातच कुणाचा तरी बैल पलीकडे गेला होता आणि तिकडच्यांनी तो परत दिला नव्हता. रुक्माबाईची गाय सारखी पलीकडे तोंड काढू लागली, तसा यल्लाप्पाने दोर ओढला. मी आडवा झालो.

गड्यांचीही एक सवय होती. समोरच्या टेकाडावरून माझा चुना लख्ख दिसे. मी वर दिसलो तर नाका चालू, आडवा दिसलो तर बंद, असे ते तिथूनच ठरवत.

दुपार कलली. धुके जरा विरले. टेकाडावर वहाण करकरली. मष्णूच तो! आता वळणावर येईल, थाप मारेल. पण करकर थांबली, आणि मग दुसऱ्याच दिशेला गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आपण होऊन वर उठताही येत नाही. रुक्माबाई गायीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मष्णूचा सोबती शामू नाक्यावर आला. यल्लाप्पाने त्याचा जुना पास पाहिला आणि मला वर केले. शामू जागीच खिळला.

“मष्णू कुठाय?” रुक्माबाईने विचारले.

“आला न्हाय व्हय?” शामूने वळून टेकाडाकडे बघितले. “टेकाडावनं बघितलं, दांडा आडवा. मष्णू म्हणला, बघ, खरंच हाय की रं. म्या म्हणलं, जवळ जाऊन इचारू. तो म्हणला, इचारायला गेलो आन् धरलं तर? चवथ हुकंल. तो नाका चुकवून ओढ्यातनं गेला. मला पाण्याचं भ्या वाटलं, म्या मागं फिरलो. आज इचारायलाच आलो.”

ओढा तेव्हा दुथडी भरून वाहत होता. काठच्या करवंदीच्या जाळीत एक वहाण सापडली. उजव्या पायाची.

रुक्माबाई रडली नाही. एवढेच म्हणाली, “म्या हितंच बसलेली की.”

त्यानंतर धुके दाटले की वळणापर्यंत करकर यायची आणि थांबायची. यल्लाप्पालाही ती ऐकू येत असावी. तो लगबगीने दोर सोडायचा, मी वर जायचो, आणि आम्ही दोघे वाट बघायचो. कोणी येत नसे.

प्लेग सरला, नाका उठला. मी गवतात पडून राहिलो. चुना गेला, वाळवी लागली, कुणी ढुंकून बघेना. मग एके दिवशी पिकल्या केसांची रुक्माबाई शामूला घेऊन आली. दोघांनी मला ओढत ओढत त्याच या ओढ्यावर आणले आणि दोन्ही काठांना टेकवले. माझ्यावर हात ठेवून ती म्हणाली, “आता पड आडवा. तुझ्यावरनंच वाट जाऊ दे.”

यंदा देश स्वतंत्र झाला. गोवा मात्र पोर्तुगिजांकडेच आहे, आणि पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे, की आता हद्द बंद होणार, तिकडच्या कामाला नवे कागद लागणार. खरे की खोटे, मला ठाऊक नाही. म्हातारी रुक्माबाई मात्र रोज साकवाशी येऊन बसते आणि जाणाऱ्या प्रत्येक गड्याला हटकते, “कुणाला इचारलंस? लांबनं बघू नगंस बाबा. जवळ जा आन् इचार.”

मित्रांनो, माझेही तेवढेच मागणे आहे. आणि मला वाळवी लागली आहे, जमले तर थोडे तेल लावा. मला अजून काही दिवस टिकायचे आहे. धुक्याच्या दिवसांत ती वहाण साकवाच्या पलीकडच्या टोकापर्यंत येते, आणि मी आडवा आहे हे बघून अजूनही थांबते.