भिंतीवरचे पाय

पळसदरीच्या रस्त्याला मुंबईच्या आरोही मॅडमनी चित्रांचं दालन उभं केलं, त्याला वर्ष होत आलं, तरी आसपासचं कुणी आत फिरकलं नव्हतं. म्हणून त्यांनी मेघाला कामावर घेतलं. मेघा दहिवलीची, चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून घरी बसलेली. गावातली माणसं दालनात आणायची, एवढंच तिचं काम.

मेघा झपाटून कामाला लागली. इंग्रजी पाट्यांखाली मराठी पाट्या लावल्या. पिण्याचं पाणी दारापाशी आणवलं. "कुठं चाललात?" असं विचारायचं नाही, "या" म्हणायचं, असं पहारेकरी नरेशला बजावलं. आणि पहिल्यांदा आपल्याच आळीतल्या बायका घेऊन आली. पुढं तिची आई, चंद्रभागा.

बायका चपला हातात घेऊन भिंतीकडेनं सरकत होत्या. चंद्रभागा मात्र एका चित्रापुढं थबकली. भिंतभर दोन म्हाताऱ्या पावलांचं चित्र. भेगाळलेल्या टाचा, नखांत चिखल.

"अगं बया, ही तर आई!"

"आई, नुसतं चित्र हाय ते."

"मला शिकवू नको. अंगठा बघ तिचा, असाच बाहेर वळलेला."

मेघाच्या आजीचा जन्म लोकांच्या भातलावणीत गेला. तिचा एकही फोटो घरात नव्हता. चंद्रभागेनं हात जोडले, डोळ्याला पदर लावला. दालनाच्या फोटोग्राफरनं तेवढंच टिपलं. चार दिवसांत तो फोटो मोठा होऊन फाटकावर लागला. खाली अक्षरं: कला सर्वांची.

पुढच्या रविवारी चंद्रभागेनं शेलूहून आपल्या भावाला, श्रीपतला बोलावून घेतलं. म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून आला. लेकीला सांगायचं चंद्रभागेला सुचलंही नाही. दार सगळ्यांना उघडं आहे असं लेकीनंच सांगितलं होतं.

त्या दिवशी आत चित्रं विकत घेणारे मुंबईचे पाहुणे होते. नरेशनं दोघांना फाटकाशी थांबवून आत निरोप पाठवला.

आरोही मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मेघा, गावच्या लोकांचा बुधवार ठरलाय ना? तू समजावून सांग. तुझं ऐकतील."

मेघा फाटकाशी गेली. "आई, आज काम चाललंय आत. बंद हाय."

काचेआड माणसं हातात पेले घेऊन हिंडत होती. चंद्रभागेनं ती पाहिली, मग लेकीकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "चल दादा."

श्रीपत हलला नाही. "पोरी, लांबूनच बघतो. दारातून. आत नाय येत."

"बुधवारी दाखवते, मामा."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मेघानं धीर केला. "मॅडम, ते माझे मामा होते."

"अगं, मग आधी सांगायचं ना! तुझ्या घरच्यांना कोण अडवतंय?"

 घरची नसती तर काय, हे विचारायचं सोडून मेघा पाहुण्यांचे पेले गोळा करू लागली.

बुधवारी श्रीपत आला तेव्हा त्या भिंतीवर नुसता खिळा होता. रविवारच्याच एका पाहुण्यानं चित्र मुंबईला नेलं होतं. मेघानं मोबाइलमधला त्या चित्राचा फोटो शोधून दाखवला. श्रीपतनं चष्मा वरखाली केला.

"एवढ्याशात काय कळंल गं," म्हणाला, आणि पाणीसुद्धा न पिता स्टेशनच्या वाटेला लागला.

दहिवलीतून नंतर कुणी आलं नाही. दालनाला वर्ष होणार म्हणून मोठा कार्यक्रम ठरला होता; त्याला तरी चल म्हणून मेघा आईच्या मागं लागली. चंद्रभागा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमाला बघायला नेतीस, का दाखवायला?"

 नोकरी सोडायचं मेघा रोज ठरवायची आणि रोज कामावर जायची. कार्यक्रमाला देणगीदार येणार होते. दालनात गावची माणसं दिसायला हवीत, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. दहिवली नसेल तर दुसरीकडं बघ, म्हणाल्या.

मेघा स्कूटर घेऊन डोंगराकडच्या वाडीवर गेली. तिथं मोतीबाई नावाच्या बाईनं तिला खाटेवर बसवलं, बोलावणं ऐकलं आणि शेजारणींना हाका मारल्या. मग आत जाऊन ठेवणीतलं हिरवं लुगडं घेऊन आली, दोन्ही हातांनी उलगडून धरलं.

"हे चालंल का तिथं?"

"छान आहे," मेघा म्हणाली. तिच्याकडं न बघता.