खिडकीचा टेकू

सोमवारी सकाळी साडेसहाला सृष्टीची गाडी दारातून निघाली पाहिजे, त्या आठवड्यात आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात एवढंच होतं. सृष्टी माझी नात. सात सीटच्या जुन्या गाडीतून ती रोज पाच शिक्षिकांना नाशिकरोडहून हरसूलकडच्या शाळांवर सोडते आणि संध्याकाळी परत आणते. हा रूट मिळवायला पोरीनं काय काय ऐकून घेतलंय ते मला विचारा. "पोरगी घाटात गाडी चालवणार?" म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायकाच होत्या, बाप्ये नव्हते. दोन वर्षांत तिनं एक खाडा केला नाही, तेव्हा कुठे त्यांची तोंडं बंद झाली.

आणि त्या गाडीनं आवाज काढायला सुरुवात केली.

चाळीसच्या वर गेली की खालून घर्रर्र असं जातं फिरायला लागायचं. साठला गेली की दारंसुद्धा थरथरायची. जेलरोडचा बंटी, आमचा नेहमीचा मेकॅनिक, त्यानं आधी टायर बदलले. मग डावीकडच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. बेअरिंग म्हणजे चाकाच्या पोटातली लोखंडी कडी, तिच्यात छर्रे फिरतात म्हणून चाक फिरतं, एवढं मला आता कळतं. आवाज होता तसाच. शेवटी बंटी डोकं खाजवत म्हणाला, "आजी, गिअरबॉक्स उतरवावा लागणार. दहा दिवस धरून चाला."

दहा दिवस! त्या पाचजणींमधल्या मोहिनी मॅडम फोनवर फार गोड बोलतात. म्हणाल्या, "सृष्टी, सोमवारपर्यंत आवाज गेला नाही तर आम्ही दुसरी गाडी बघतो गं. घाटात जीव मुठीत धरून बसावं लागतं." दुसरी गाडी एकदा लागली की ती कायमचीच, हे काय आम्हाला कळत नाही? पोरगी रात्री जेवली नाही. मी मोहिनी मॅडमला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर घाटाची भीती मलाही वाटत होती.

आता आमच्या ह्यांचं सांगते. नाव सावळीराम. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं नोकरी केली. काम काय, तर मशीनचा आवाज ऐकायचा. एक शिसवी काठी होती हातभर लांब. तिचं एक टोक पंपाला लावायचं, दुसरं कानाला, आणि आत काय दुखतंय ते सांगायचं. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. मी म्हणायची, पंपाचं सगळं ऐकता, बायकोचं एक ऐकत नाही.

रिटायर झाले आणि कान गेले. लहानपणापासून कान वाहायचे, पडद्यांची पार चाळण झाली होती. डॉक्टर म्हणाले, आतली नस शाबूत आहे, पण आवाज तिथपर्यंत पोचायची वाट बुजलीय. कानातलं मशीन आणलं, तर कान वाहतो म्हणून ते आठ दिवस टिकेना. तेव्हापासून नऊ वर्षं मी ओरडतेय. आमच्याकडे आज कुठली भाजी आहे ते सगळ्या कॉलनीला कळतं, ह्यांना कळत नाही. ओरडून ओरडून मीही दमले. मग ताट दाखवायचं, गोळी दाखवायची, घड्याळ दाखवायचं, झालं. आमचं बोलणं म्हणजे एवढंच उरलं होतं. रात्री पडल्या पडल्या आम्ही दोघं किती बडबड करायचो! मला त्या बोलण्याची फार आठवण यायची. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, सृष्टीलासुद्धा नाही.

तर शनिवारी सृष्टीनं आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे पुढं बसले होते, मी मागं. उड्डाणपुलावर गाडीनं घर्रर्र सुरू केलं, तसं ह्यांनी चपला काढल्या. उघडी पावलं खाली पत्र्यावर टेकवली. मग डाव्या दाराला तळहात लावला. सृष्टीनं वळण घेतलं की डोळे मिटायचे, सरळ झाली की उघडायचे. मला वाटलं चक्कर आली.

"उजवं चाक," हे एकदम म्हणाले. "पुढचं. डावीकडे वळली की जास्त ओरडतंय, भार उजव्यावर जातो म्हणून."

सृष्टी आरशातून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "राहू दे गं. ह्यांच्या कानाशी ताशा वाजवला तरी मान हलत नाही, आणि निघाले चाक सांगायला!" तोंडावर बोलले मी हे. ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस काहीही बोलतो, त्याची लाज मला नंतर वाटली.

रविवारी नऊला बंटी आला, गाडी गॅरेजला न्यायला. चहा घेऊन चावी मागतोय, तोच स्वयंपाकघरात धाडकन खिडकी आपटली. मी दचकले. बघते तर हे खिडकीचा टेकू घेऊन बाहेर निघालेले. तीच शिसवी काठी. रिटायर झाले तेव्हा घरी आणली होती, आणि आमच्या खिडकीचा आकडा तुटलाय म्हणून नऊ वर्षं मी ती पल्ल्याला लावत होते. एका टोकाला उंदरानं कुरतडलेली होती, म्हणून दोनदा फेकायला निघाले होते.

"बंटी, जॅक लाव," हे म्हणाले.

"बाबा, मला उशीर होतोय..."

ह्यांना कुठं ऐकू जातंय! खाली दोन विटा मांडून चाकाशी बसलेसुद्धा. बंटीनं माझ्याकडे बघितलं. सृष्टी म्हणाली, "लाव ना बंटीदादा. पाच मिनिटं." बिचाऱ्यानं आधी डावं चाक उचललं आणि हातानं गरगर फिरवलं. ह्यांनी काठीचं बारीक टोक चाकाच्या मागं आत सारून टेकवलं. आणि दुसरं टोक कानाला न लावता सरळ दातात धरलं.

अगं बाई! समोरच्या गॅलरीत दोन बायका उभ्या राहिल्या. सायकलवरचा दूधवाला थांबला. सत्तरीचा माणूस रस्त्यात बसून दातात काठी धरून डोळे मिटतोय, लोक काय म्हणतील! मी धावले, खांद्याला धरून हलवलं. ह्यांनी डोळे न उघडता माझा हात बाजूला केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी गपचूप पायरीवर बसले.

डावं झालं. मान नाही अशी हलवली. मागची दोन्ही झाली. नाही, नाही. मग पुढचं उजवं उचललं. बंटीनं फिरवलं. काठी टेकवली, दात लागले, आणि ह्यांचा चेहराच बदलला. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या. मांडीवर एक बोट पडायला लागलं. टक. टक-टक. टक. आम्हाला तर नुसतं चाकाचं सुळसुळणं ऐकू येत होतं. बंटीनं कान चाकाला लावून बघितला, त्यालाही काही नाही.

काठी काढून हे म्हणाले, "कडीला आतून खड्डा पडलाय. मोठा नाही, तिळाएवढा. छर्रा त्यावरून गेला की उडी मारतो. अजून महिनाभर चालवली असती तर घाटात चाक जाम झालं असतं."

"बाबा, आवाज तर डावीकडून येतो," बंटी म्हणाला, मग आठवलं म्हणून हातानं डावीकडे दाखवलं.

"आवाज पत्र्यातून हिंडतो. कान फसतो. दात फसत नाही."

बंटीनं चाक खोललं, आतला भाग काढला आणि मोटरसायकलवर टाकून गॅरेजला गेला. ओळखीच्या दुकानदाराला रविवारचं दुकान उघडायला लावून तिथूनच नवीन बेअरिंग घेतलं. दोन तास गेले. सृष्टी पायरीवरून उठेना. ह्यांनी मात्र आंघोळ केली, हॉलमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, आणि पेपर वाचत बसले. मी आतबाहेर करत होते. खोटं निघालं तर गाडी गेली, रूट गेला, आणि म्हातारा कॉलनीत हसण्यावारी गेला. देखल्या देवाला हात न जोडणारी मी, पण त्या दोन तासांत मी त्या खिडकीलासुद्धा म्हटलं असेल, खरं निघू दे.

बंटी परत आला. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं जुनं बेअरिंग काढलं. त्यानं ते कापून आतली कडी उघडी केली होती. आरशासारखी गुळगुळीत कडी, आणि तिच्यावर एका जागी टवका उडालेला. तिळाएवढा. मी चष्मा लावून बघितला. मोठा नाही, छोटा नाही, बरोब्बर तिळाएवढा.

माझ्या अंगावर काटा आला. लोखंडाच्या आत, तेलाच्या आत, काळोखात पडलेला तो एवढासा डाग ह्या बहिऱ्या माणसानं रस्त्यावर बसून बघितला होता! दुसरा शब्दच नाही, बघितलाच. बंटीनं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि ह्यांच्यासमोर वाकला. म्हणाला, "पंधरा वर्षं झाली मला ह्या धंद्यात. झक मारली."

मग सगळ्यांनाच काठी हवी झाली. गाडी चालू करून इंजिनला लावली. बंटीनं दातात धरली आणि "आयला!" म्हणून उडालाच. सृष्टीनं धरली, तिचे डोळे एवढाले झाले. "आजी, तू बघ, तू बघ!" मी पदरानं टोक पुसलं आणि धरलं.

काय सांगू! सगळी गाडी माझ्या डोक्यात शिरली. कानात नाही हो, कवटीत. एकेक खिळा, एकेक पट्टा वेगळा वेगळा बोलत होता. माझं तोंड उघडंच राहिलं असतं, पण दात काढवेना. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे दात लाकडात आपोआप बसलेत. वर खाचा, खाली खाचा. मी काठी काढून उन्हात धरली. ते उंदराचं कुरतडणं नव्हतंच.

असल्या खोल खुणा एका दिवसात पडत नाहीत. मी ह्यांच्यासमोर काठी नाचवली, खुणांवर बोट ठेवलं, आणि हातानं विचारलं, केव्हापासून?

ह्यांनी खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नोकरीतली शेवटची सहा वर्षं. कान तेव्हाच गेलेले. सांगितलं असतं तर स्टोअरमध्ये खुर्ची दिली असती. मशीन सोडवत नव्हतं. कुणी नसलं की दातात धरायचो."

सहा वर्षं! सगळे ज्याला डॉक्टर म्हणायचे तो माणूस सहा वर्षं ठार बहिरा होता, आणि एकही पंप त्याच्याकडून चुकला नव्हता. आणि ती सहा वर्षं घरात मी काय केलं? भांडले. माझं बोलणं कानाआड करता म्हणून, हूं की चूं करत नाही म्हणून, दुसरं कुणी आहे का इथपर्यंत बोलले. एकदा महिनाभर माहेरी, चांदवडला जाऊन बसले. आणि हा माणूस माझ्या नुसत्या ओठांकडे बघत माना डोलवत होता. मला इतका राग आला, त्यांचा की माझा ते कळेना.

तेवढ्यात चाक बसलं आणि सृष्टी बंटीला घेऊन चक्कर मारायला गेली. वीस मिनिटांनी तिचा फोन आला. ती किंचाळतच होती, "आजी, ऐंशीला आहे मी! काहीच आवाज नाही! मोहिनी मॅडमना सांगितलं, उद्या साडेसहा!"

मी ह्यांना अंगठा दाखवला. हे हसले, काठी घेतली आणि स्वयंपाकघरात खिडकीकडे निघाले. जशी काही पाच मिनिटं उसनी आणलेली वस्तू परत करताहेत.

मला कुठून सुचलं कुणास ठाऊक. मी त्यांच्या हातातून काठी ओढून घेतली. खुणांचं टोक त्यांच्या दातांशी नेलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, पण धरलं. दुसरं टोक मी हनुवटीखाली माझ्या गळ्याला लावलं. आणि नऊ वर्षांच्या सवयीनं, होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडले, "अहो, ऐकू येतंय का?"

हे केवढे दचकले! काठी हातातून पडली, हात डोक्याला गेला.

"ओरडतेस काय एवढी?" म्हणाले. "ऐकू येतंय मला."

आणि मग आम्ही दोघंही तिथंच थांबलो. त्यांनी वाकून काठी उचलली. स्वतःच ती माझ्या गळ्याला लावली आणि दातात धरली. आता बोलायचं होतं, तर मला शब्द सुचेना. कॉलनीभर तोंड चालवणारी मी! शेवटी हळूच, अगदी रात्री पडल्या पडल्या बोलायचे तेवढ्या आवाजात म्हटलं, "चहा ठेवू?"

त्यांनी काठी काढली. "ठेव. आवाज घोगरा झालाय तुझा."

"पंधरा वर्षं झाली, होणारच."

ते अर्थात त्यांना ऐकू गेलं नाही, काठी हातात होती. त्यांनी ती परत लावली. मी पुन्हा बोलले. ह्यांनी डोळे मिटले, चाकाशी मिटले होते तसेच. आठ्या गेल्या. बोट मांडीवर पडायला लागलं, माझ्या एकेका शब्दाला एकेकदा. जरा वेळानं बोट थांबलं. काठी काढून म्हणाले, "इथं अडखळतंय. रडतेस का गं?"

मी काठीचं टोक परत त्यांच्या दातांशी नेलं. बोलायची गरजच नव्हती, गळा काठीला लागलेलाच होता.

त्या दिवसापासून खिडकी वाऱ्यानं आपटते. आपटू दे.