चौकोनी घमेलं

यशवंतराव साहेब विलायतेहून पत्रा दाबायची विद्या शिकून चिंचवडच्या नव्या कारखान्यात आले, ते हवेतच! "पत्रा म्हणजे मळलेली कणीक. म्हणाल तो आकार देतो," असं म्हणत त्यांनी पहिल्याच महिन्यात घमेलं चौकोनी करायला घेतलं. का, तर मालमोटारीत रचताना मधली जागा वाया जात नाही! प्रेसवरच्या मालोजीला हे पटेना. पण तो मोशीचा कच्चा कामगार, पक्कं करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीविना पडलेला. लागला बिचारा पत्रा दाबायला.

पहिलं घमेलं कोपऱ्यात टर्रकन फाटलं. दुसरंही तिथंच.

"साहेब, कोपरा वाईच गोल घ्या. पत्र्याला सरकायला वाव मिळंल," मालोजी भीत भीत म्हणाला.

"नकाशा मंजूर झालाय," साहेब गुरकावले. "पत्रा बदला!"

झालं! मऊ पत्रा आला, जाड आला, त्याहून जाड आला. जगात बदलायचं ते सगळं बदललं, साहेबांचा कोपरा तेवढा हलला नाही. अखेर एक घमेलं धड निघालं. मालोजी ते उचलायला गेला आणि "आई गं!" म्हणून कमरेला हात लावला. रिकामंच होतं बरं का.

मग कारखान्याचे मालक शेठ घमेलं पाहायला यायचे ठरले. कारखान्याच्या कुंपणभिंतीच्या बांधकामावर मालोजीची बायको गवराबाई ठेकेदाराकडे चुना वाहत होती. साहेबांनी मालोजीला बाजूला घेतलं. "बायकोला सांग, हे घेऊन दहा पावलं चालायचं. हसत! संध्याकाळी तुझ्या कागदावर सही करतो."

मालोजीने सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

गवराबाईने डोक्यावर चुंबळ ठेवली, दोघांनी भरलेलं घमेलं चढवलं. धरायला काठ नाही, कोपरे तळव्यात रुतलेले, मान आखडलेली. तरी नवऱ्याच्या नोकरीसाठी माउली हसत चालली, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा.

"वा! वीस वर्षं टिकेल!" शेठ खूश झाले.

"घमेलं टिकंल वो," मालोजीला राहवलं नाही, "मान न्हाई टिकायची! येकदा साहेबांनी घेऊन दावावं की."

साहेबांनी डोळे वटारले. शेठना मात्र गंमत वाटली. "घ्या हो यशवंतराव, होऊन जाऊ द्या!"

साहेब तीन पावलं चालले. चौथ्याला मटकन खाली बसले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काय उगीच?

दुसऱ्या दिवशी साहेब मानेला पट्टा बांधून नवा नकाशा घेऊन हजर. घमेलं गोल, काठ वळवलेला, पत्रा पातळ. शेठनी त्यांची पाठ थोपटली. घमेल्याच्या तळाशी अक्षरं उठवली, 'यशवंत नमुना'. मालोजीच्या कागदावरही त्याच दिवशी सही झाली. वर शेरा होता: 'मालकांसमोर उद्धटपणा. कामावरून कमी.'

आठवड्याभराने मालोजी बायकोशेजारी चुना वाहायला उभा राहिला. गवराबाईने त्याच्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली आणि नवं गोल घमेलं भरून चढवलं.

"जड व्हतंय का वो?" तिने काळजीने विचारलं.

"छ्या!" मालोजी म्हणाला. "साहेबांच्या मानेवर बेतलंय ह्ये."